विश्लेषण : सीसीएनएसाठी पुस्तक कसे निवडावे? जुनी आवृत्ती, ‘डम्प’ आणि ३० हजारांचे गणित

संगणक नेटवर्किंगमध्ये नोकरी शोधणाऱ्या पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी सिस्को कंपनीची ‘सीसीएनए’ ही परीक्षा पहिली पायरी मानली जाते. हिंजवडीतील आयटी कंपन्यांची नेटवर्क नियंत्रण केंद्रे असोत की ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटर, नवख्या उमेदवाराच्या अर्जात हे प्रमाणपत्र असेल तर त्याची दखल घेतली जाते. मात्र या परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर आहे. डॉलरचा दर ८५ रुपये धरला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळवला, तरी रक्कम ३० हजार रुपयांच्या वर जाते. नापास झाल्यास पुन्हा तेवढेच पैसे मोजावे लागतात. अनेक नवख्यांच्या दृष्टीने हा महिन्याच्या पगाराएवढा किंवा त्याहून मोठा खर्च असतो. अशा वेळी अभ्यासाचे पुस्तक चुकले तर नुकसान केवळ पुस्तकाच्या किमतीपुरते राहत नाही. म्हणूनच पुस्तक निवडताना काय पाहावे, हे समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

सीसीएनए परीक्षा नेमकी काय आहे?

सीसीएनए म्हणजे ‘सिस्को सर्टिफाइड नेटवर्क असोसिएट’. हे प्रमाणपत्र १९९८ पासून दिले जाते. सिस्कोने २४ फेब्रुवारी २०२० रोजी आपल्या प्रमाणपत्रांची फेररचना केली. त्याआधी ‘राउटिंग अँड स्विचिंग’, ‘सिक्युरिटी’, ‘वायरलेस’ असे सीसीएनएचे वेगवेगळे प्रकार होते. त्यांच्या जागी २००-३०१ या क्रमांकाची एकच परीक्षा आली. परीक्षा १२० मिनिटांची असते आणि पिअर्सन व्हीयूई या संस्थेच्या केंद्रांवर किंवा ठरावीक अटींसह घरून ऑनलाइन देता येते. परीक्षेला बसण्यासाठी पदवीची किंवा आधीच्या कोणत्याही प्रमाणपत्राची सक्ती नाही. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असते.

विषयांची विभागणी सहा भागांत आहे. नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, नेटवर्क अ‍ॅक्सेस म्हणजे स्विच, व्हीलॅन आणि वायरलेस २० टक्के, आयपी जोडणी म्हणजे राउटिंग २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के आणि ऑटोमेशन १० टक्के. याचा अर्थ पहिले तीन भाग मिळून ६५ टक्के होतात. पुस्तक चाळताना या तीन भागांना किती पाने दिली आहेत, हे आधी पाहावे.

पुस्तकाआधी काय वाचायचे?

परीक्षेत काय विचारले जाईल, याची यादी सिस्कोच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. तिला ‘एग्झाम टॉपिक्स’ म्हणतात. मोजक्या पानांची ही यादी छापून जवळ ठेवणे हे अभ्यासातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

या यादीतील क्रियापदे नीट वाचली, तर अभ्यास कसा करायचा याचा अर्धा उलगडा होतो. काही मुद्द्यांच्या आधी ‘कॉन्फिगर अँड व्हेरिफाय’ असे लिहिलेले असते. म्हणजे ती गोष्ट प्रत्यक्ष करता यायला हवी आणि झाली की नाही हे तपासताही यायला हवे. व्हीलॅन, स्थिर मार्ग, ओएसपीएफ, नॅट आणि अ‍ॅक्सेस लिस्ट हे मुद्दे या गटात येतात. काही ठिकाणी ‘डिस्क्राइब’ किंवा ‘एक्स्प्लेन’ असते. तिथे संकल्पना समजली की भागते. तर ‘रेकग्नाइझ’ लिहिलेल्या मुद्द्यांत, उदाहरणार्थ अ‍ॅन्सिबल आणि टेराफॉर्म या साधनांबाबत, ती काय करतात हे ओळखता आले तरी पुरे.

पुस्तकात ‘रेकग्नाइझ’च्या मुद्द्यावर ४० पाने आणि ‘कॉन्फिगर’च्या मुद्द्यावर चार पाने असतील, तर ते पुस्तक कितीही चांगले असले तरी या परीक्षेसाठी लिहिलेले नाही, हे लक्षात येते.

जुनी आवृत्ती घेतली तर चालते का?

पुण्यातील अप्पा बळवंत चौक किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर सीसीएनएची जुनी पुस्तके निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतात. ती घ्यावीत का, याचे उत्तर मुखपृष्ठावरील परीक्षा क्रमांकात असते.

पुस्तकावर २००-१२५, १००-१०५ किंवा २००-१०५ असे क्रमांक असतील, तर ते फेब्रुवारी २०२० पूर्वीच्या परीक्षेचे आहे. त्यातील काही भाग आजही उपयोगी पडतो. आयपी पत्ते, सबनेटिंग, व्हीलॅन, स्थिर मार्ग, नॅट, अ‍ॅक्सेस लिस्ट यांची तत्त्वे बदललेली नाहीत. पण त्या पुस्तकांत आरआयपी आणि ईआयजीआरपी या राउटिंग प्रोटोकॉलवर मोठी प्रकरणे आहेत. आजच्या यादीत हे दोन्ही कॉन्फिगर करण्याचे मुद्दे नाहीत. तिथे भर आहे तो एका एरियाच्या ओएसपीएफवर. त्याहून जुन्या पुस्तकांत फ्रेम रिले सापडते, जे आता इतिहासजमा झाले आहे. उलट वायरलेस लॅन कंट्रोलर, रेस्ट एपीआय, जेसन आणि ऑटोमेशन हे आजचे विषय जुन्या पुस्तकांत एक तर नसतात किंवा नावापुरते असतात.

पुस्तकावर २००-३०१ असेल तरीही एक प्रश्न उरतो. याच क्रमांकाच्या परीक्षेची १.१ ही सुधारित आवृत्ती २० ऑगस्ट २०२४ पासून लागू झाली. परीक्षा क्रमांक तोच राहिल्याने हा बदल अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंगचा नेटवर्क व्यवस्थापनातील वापर आला, टेराफॉर्म आले आणि पपेट व शेफ ही साधने वगळली गेली. हा फेरबदल मर्यादित होता. त्यामुळे २०१९-२० मध्ये छापलेले २००-३०१ चे पुस्तक रद्दीत टाकण्याची गरज नाही. ते हाती असेल, तर नव्या यादीशी ताडून पाहावे, नसलेल्या मुद्द्यांवर पेन्सिलने खूण करावी आणि तेवढा भाग सिस्कोच्या मोफत कागदपत्रांतून वाचावा. नवीन पुस्तक विकत घ्यायचेच असेल, तर मात्र १.१ आवृत्तीचा उल्लेख असलेलेच घ्यावे.

बाजारात कोणते पर्याय आहेत?

या परीक्षेसाठी तीन लेखकांची नावे सातत्याने घेतली जातात आणि तिघांची शैली वेगळी आहे.

वेंडेल ओडम यांचे ‘ऑफिशियल सर्ट गाइड’ सिस्को प्रेसने दोन खंडांत प्रसिद्ध केले आहे. त्याची दुसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली. दोन्ही खंड मिळून हजाराहून अधिक पाने होतात. प्रत्येक मुद्दा सविस्तर आणि क्रमाने मांडलेला असतो. प्रकरणाच्या सुरुवातीला ‘हे तुम्हाला आधीच येते का?’ अशा धर्तीची छोटी चाचणी असते. ती जमली तर प्रकरण भराभर चाळता येते, नाही जमली तर सावकाश वाचावे लागते. पुस्तकाबरोबर ऑनलाइन सराव प्रश्नसंचही मिळतो. ज्यांना एकाच ठिकाणी सर्व काही हवे आहे आणि रोज तास-दीड तास वाचायची तयारी आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय आहे. मात्र पूर्णपणे नवख्या वाचकाला तो सुरुवातीला जड वाटू शकतो.

टॉड लॅमल यांची पुस्तके सायबेक्स या नाममुद्रेने प्रसिद्ध होतात. त्यांची भाषा गप्पा मारल्यासारखी आहे. विनोद, सूचना आणि कंपनीतील उदाहरणे मध्ये मध्ये येतात. ओडम यांच्या तुलनेत वाचन हलके होते. काही मुद्द्यांत खोली कमी वाटली, तर ती अन्यत्र भरून काढावी लागते.

जेरेमी मॅकडॉवेल यांचे ‘एसिंग द सीसीएनए एग्झाम’ हे दोन खंडांचे पुस्तक मॅनिंग प्रकाशनाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांची यूट्यूबवरील मोफत सीसीएनए मालिका जगभर पाहिली जाते. पुस्तक आणि चित्रफिती एकाच शिक्षकाच्या असल्याने आकृत्या आणि मांडणीचा क्रम ओळखीचा वाटतो. सोप्याकडून अवघडाकडे जाण्याची हातोटी हे याचे बलस्थान आहे.

याशिवाय दोन पूरक पुस्तके प्रचलित आहेत. अ‍ॅलन जॉन्सन यांचे ‘३१ डेज बिफोर युअर सीसीएनए एग्झाम’ उजळणीसाठी आहे आणि स्कॉट एम्पसन यांचे ‘पोर्टेबल कमांड गाइड’ कमांड शोधण्यासाठी. ही दोन्ही मुख्य पुस्तकाची जागा घेऊ शकत नाहीत. पाने कमी म्हणून अभ्यासाची सुरुवातच त्यांच्यापासून केली, तर कमांड पाठ होतात पण त्या कधी वापरायच्या ते कळत नाही.

मुखपृष्ठावरील ‘ऑफिशियल’ला किती महत्त्व द्यावे?

सिस्को प्रेस हा सिस्को आणि पिअर्सन यांच्या भागीदारीतील प्रकाशन उपक्रम आहे. त्यामुळे त्याच्या पुस्तकाला ‘अधिकृत’ म्हटले जाते. याचा अर्थ पुस्तकाची मांडणी परीक्षेच्या यादीला धरून केलेली असते, एवढाच. त्यातील प्रश्न परीक्षेत येतील किंवा ते वाचल्याशिवाय उत्तीर्ण होता येणार नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही.

भारतीय आवृत्ती घेताना आणखी एक बाब तपासावी. अशा पुनर्मुद्रित आवृत्त्या स्वस्त असतात. पण ऑनलाइन सराव प्रश्नसंचाचा संकेतांक त्यात आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. वापरलेल्या पुस्तकातील संकेतांक आधीच्या मालकाने वापरून टाकलेला असण्याची शक्यता जास्त असते.

अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके पुरेशी नाहीत का?

टॅनेनबॉम, फोरोझन किंवा कुरोस आणि रॉस यांची पुस्तके अनेकांच्या घरी कॉलेजच्या दिवसांपासून असतात. नेटवर्क असे का चालते, हे त्यांतून उत्तम कळते. प्रमाणपत्र परीक्षा मात्र ‘आता काय होईल?’ आणि ‘कोणती कमांड द्याल?’ हे विचारते.

स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलचे उदाहरण पाहू. स्विचच्या जाळ्यात डेटा गोल गोल फिरत राहू नये म्हणून रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये हा उपाय शोधला. पाठ्यपुस्तकात त्याचा अल्गोरिदम असतो. परीक्षेत चार स्विचची आकृती, प्रत्येकाची प्रायॉरिटी आणि मॅक पत्ता दिलेला असतो आणि यापैकी ‘रूट’ कोण, असे विचारले जाते. सर्वांची प्रायॉरिटी मूळ ३२७६८ असेल, तर सर्वांत लहान मॅक पत्ता असलेला स्विच रूट होतो. चांगले प्रमाणपत्र पुस्तक इथे थांबत नाही. बऱ्याचदा जुन्या यंत्राचा मॅक पत्ता लहान असतो, त्यामुळे कोणी काहीच ठरवून दिले नाही तर कार्यालयातील सर्वांत जुना आणि मंद स्विच रूट होऊन बसू शकतो, म्हणून प्रायॉरिटी स्वतः ठरवावी, हेही ते सांगते. परीक्षेला आणि नोकरीला, दोन्हीकडे उपयोगी पडते ते हेच.

त्यामुळे कॉलेजचे पुस्तक संदर्भासाठी जवळ असावे. ओएसआयचे सात थर किंवा टीसीपीची जोडणी समजली नाही, की ते उघडावे. तयारीचा मुख्य आधार म्हणून ते पुरत नाही.

दुकानात उभे राहून पुस्तक कसे पारखावे?

पुस्तक विकत घेण्यापूर्वी, किंवा ऑनलाइन नमुना पाने उपलब्ध असतील तर ती उघडून, दोन मुद्दे वाचून पाहावेत. पहिला सबनेटिंग. १९२.१६८.१०.७७/२७ हा पत्ता कोणत्या सबनेटमध्ये येतो, असा प्रश्न असेल तर पुस्तकाने वाचकाला तो कागदाशिवाय सोडवण्याच्या पद्धतीपर्यंत न्यायला हवे. /२७ म्हणजे मास्क २५५.२५५.२५५.२२४. २५६ मधून २२४ वजा केले की ३२ उरतात. म्हणजे सबनेट ०, ३२, ६४, ९६ असे पुढे सरकतात. ७७ हा ६४ आणि ९६ यांच्यामध्ये आहे, म्हणून सबनेट .६४, ब्रॉडकास्ट .९५ आणि वापरता येणारे पत्ते .६५ ते .९४, एकूण ३०. पुस्तक नुसतीच बायनरीची पाने भरून थांबत असेल, तर परीक्षेतील वेळेच्या दृष्टीने ते अपुरे आहे. बायनरी मुळीच न सांगता थेट युक्ती देत असेल, तर तेही अपुरेच. दोन्ही हवे.

दुसरा मुद्दा राउटिंग टेबलचा. राउटरला १०.१.०.०/१६ हा मार्ग स्थिर पद्धतीने आणि १०.१.१.०/२४ हा मार्ग ओएसपीएफमधून कळला आहे. १०.१.१.५ कडे जाणारे पॅकेट कोणत्या मार्गाने जाईल? स्थिर मार्गाचे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स’ १ आणि ओएसपीएफचे ११०, म्हणून स्थिर मार्ग, असे उत्तर अनेक जण देतात. ते चुकीचे आहे. पत्त्याशी अधिक नेमका जुळणारा मार्ग आधी पाहिला जातो, त्यामुळे /२४ चा ओएसपीएफ मार्ग निवडला जातो. ११० आणि १ ची तुलना फक्त एकाच नेटवर्कचा, एकाच लांबीचा मार्ग दोन ठिकाणांहून कळला तर होते. पुस्तकात हा फरक उदाहरणासह दाखवला आहे का, ते पाहावे. जिथे वाचक घसरण्याची शक्यता असते, तिथे चांगला लेखक आधीच थांबून सावध करतो.

तिसरी तपासणी सरावाच्या प्रश्नांची. उत्तरतालिकेत केवळ ‘ब’ किंवा ‘क’ असेल तर उपयोग कमी. बरोबर पर्याय का बरोबर आणि उरलेले का चूक, हे दिलेले असावे.

केवळ पुस्तक वाचून उत्तीर्ण होता येते का?

‘कॉन्फिगर’ हा शब्द यादीत वारंवार येत असल्याने हात चालवण्याला पर्याय नाही. परीक्षेत कमांड टाइप करून काम पूर्ण करायला लावणारे प्रश्नही येतात. यासाठी महागडी उपकरणे घेण्याची गरज नाही. सिस्कोचे ‘पॅकेट ट्रेसर’ हे सिम्युलेटर नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीवर नोंदणी केल्यावर मोफत मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. प्रत्यक्ष राउटरवरील प्रत्येक कमांड त्यात चालत नाही, पण सीसीएनएच्या पातळीला ते बहुतांशी पुरते.

वाचन आणि सराव यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आठ प्रकरणे वाचून मग एकदम सरावाला बसले, की पहिली चार विसरलेली असतात. एक प्रकरण, लगेच त्याचा सराव आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता तोच सराव पुन्हा, ही पद्धत अधिक टिकाऊ ठरते. सरावात एखादी गोष्ट मुद्दाम बिघडवूनही पाहावी. एका बाजूचा व्हीलॅन क्रमांक बदलला, डिफॉल्ट गेटवे काढून टाकला, की ‘शो’ कमांडच्या उत्तरात काय फरक दिसतो? हे निरीक्षण कोणतेही पुस्तक वाचकाच्या वतीने करू शकत नाही.

सीसीएनएऐवजी ‘नेटवर्क प्लस’ घ्यावे का?

कॉम्पटिआ या संस्थेची ‘नेटवर्क प्लस’ परीक्षा कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांशी बांधलेली नाही. तिची सध्याची एन१०-००९ ही आवृत्ती जून २०२४ मध्ये आली आणि आधीची एन१०-००८ डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात आणि १०० ते ९०० च्या श्रेणीत ७२० गुण मिळवावे लागतात. सर्वाधिक २४ टक्के भर बिघाडशोधावर आहे.

या परीक्षेसाठी माइक मेयर्स यांचे ‘ऑल इन वन’ आणि टॉड लॅमल यांचे ‘स्टडी गाइड’ ही पुस्तके वापरली जातात, तर प्रोफेसर मेसर यांच्या चित्रफिती मोफत आहेत. मेयर्स यांची गोष्टीसारखी शैली पूर्ण नवख्याला सोयीची वाटते. मात्र दोन्ही परीक्षांची पुस्तके एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. नेटवर्क प्लसच्या पुस्तकात सिस्कोच्या कमांडचा सराव मिळत नाही आणि सीसीएनएच्या पुस्तकात केबल, कनेक्टर, नोंदी ठेवणे अशा बाबींवर तेवढा भर नसतो. दोन्ही परीक्षा देणे बहुतेकांना परवडणारे नाही. ज्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायचा आहे, त्यांच्या जाहिराती आधी वाचाव्यात आणि त्यानुसार एक परीक्षा ठरवावी. पुस्तक त्यानंतर घ्यावे.

‘डम्प’ घेऊन पास होता येते, मग पुस्तक कशाला?

परीक्षेतील प्रश्न चोरून किंवा आठवून तयार केलेल्या प्रश्नोत्तरांच्या संचाला ‘डम्प’ म्हणतात. मेसेजिंग ग्रुपवर तो काही शे रुपयांत, कधी फुकटही मिळतो. हजार पानांच्या पुस्तकापुढे हा मार्ग सोपा वाटणे स्वाभाविक आहे. त्यातील धोके मात्र तीन आहेत.

पहिला नियमांचा. प्रत्येक उमेदवार परीक्षेपूर्वी गोपनीयतेचा करार मान्य करतो. त्याचा भंग आढळल्यास सिस्को निकाल रद्द करू शकते, प्रमाणपत्र काढून घेऊ शकते आणि पुढील परीक्षांना बंदीही घालू शकते. दुसरा अचूकतेचा. डम्पमधील उत्तरांची जबाबदारी कोणाचीच नसते. त्यात चुकीची उत्तरे असतात आणि ती ओळखायला जे ज्ञान लागते, नेमके तेच टाळण्यासाठी डम्प घेतलेला असतो.

तिसरा धोका मुलाखतीत समोर येतो. एखाद्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतोय, तुम्ही काय कराल? पुस्तक वाचून सराव केलेला उमेदवार सांगतो की संगणकाला डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळालेला नाही. म्हणून केबल, स्विचच्या पोर्टचा व्हीलॅन, डीएचसीपी रिले आणि शेवटी सर्व्हर या क्रमाने तपासतो. पाठ केलेल्या पर्यायांमध्ये हा क्रम सापडत नाही. शिवाय कामावर गेल्यावर अर्धे कार्यालय बंद पडलेले असताना उत्तराचे चार पर्याय कोणी देत नाही.

कायदेशीर सराव चाचणी आणि डम्प यातला फरक ओळखणे अवघड नाही. ‘खरे प्रश्न’, ‘हमखास पास’ अशी जाहिरात असेल आणि प्रश्नांचे स्पष्टीकरण नसेल, तर ते टाळावे.

इंग्रजीचा अडसर कसा दूर करावा?

सीसीएनए परीक्षा इंग्रजी आणि जपानी या भाषांत घेतली जाते. दर्जेदार पुस्तकेही इंग्रजीतच आहेत. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला विषयापेक्षा भाषाच अवघड वाटते, अशी स्थिती अनेकदा असते. यावर तीन व्यावहारिक उपाय आहेत. पहिला, चित्रफीत आधी पाहून मग प्रकरण वाचावे. ओळखीची आकृती समोर आली की वाक्ये सोपी होतात. दुसरा, प्रत्येक प्रकरणातील दहा-बारा पारिभाषिक शब्द इंग्रजीतच वहीत लिहून त्यापुढे स्वतःच्या मराठीत एका ओळीचा अर्थ लिहावा. तिसरा, सराव प्रश्नांत ‘नॉट’, ‘बेस्ट’, ‘फर्स्ट’, ‘चूज टू’ या शब्दांखाली रेघ ओढण्याची सवय लावावी. विषय येत असूनही गुण जातात ते बहुधा इथे.

सिस्कोच्या परीक्षेत एकदा पुढे गेले की मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. त्यामुळे सावकाश आणि नेमके वाचणे हीसुद्धा तयारीचाच भाग आहे. भाषा आणि विषय दोन्ही नवे असतील, तर लॅमल किंवा मॅकडॉवेल यांच्यापासून सुरुवात करून अवघड मुद्द्यांसाठी ओडम यांच्याकडे जाणे सोयीचे ठरते.

एकूण किती पुस्तके घ्यावीत आणि किती वेळ द्यावा?

एक मुख्य पुस्तक, एक चित्रफीत मालिका, पॅकेट ट्रेसर आणि एक विश्वासार्ह सराव प्रश्नसंच एवढे पुरेसे आहे. तीन लेखकांची तीन पुस्तके घेणाऱ्यांचे बऱ्याचदा प्रत्येकातील पहिली पाच प्रकरणेच वाचून होतात. कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा मित्राकडे पुस्तक मिळत असेल, तर आधी त्यातील दोन प्रकरणे वाचावीत. शैली पटली, तरच विकत घ्यावे.

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रोज दीड-दोन तास दिले, तर चार ते सहा महिन्यांचे नियोजन वास्तववादी ठरते. परीक्षेची तारीख पहिल्याच दिवशी न घेता मुख्य पुस्तक संपत आल्यावर घ्यावी. सबनेटिंगचा प्रश्न मिनिटभरात सुटतो आहे, यादीतील प्रत्येक ‘कॉन्फिगर’च्या मुद्द्याचा सराव पुस्तक न उघडता जमतो आहे आणि न पाहिलेल्या सराव चाचणीत चुकलेल्या उत्तरांचे कारण स्वतःला सांगता येते आहे, या तीन गोष्टी जमल्या की शुल्क भरायला हरकत नाही. नापास झाल्यास पाच दिवसांनंतर पुन्हा परीक्षा देता येते. पण घाई करण्याऐवजी गुणपत्रकात कोणता विभाग कच्चा दिसतो ते पाहून पुस्तकातील तेवढीच प्रकरणे पुन्हा करणे, हे ३० हजारांच्या हिशेबात अधिक शहाणपणाचे ठरते.